सुई की फायब्रोस्कॅन?
यकृत किती कडक झालंय हे कळायला पूर्वी सुईशिवाय इलाज नव्हता. बायोप्सीत बरगड्यांमधून सुई घालून शेवईच्या काडीसारखा तुकडा काढतात. अख्ख्या यकृताचा जेमतेम ५०,००० वा भाग! वर रक्तस्रावाची भीती, म्हणून काही तास पडून राहायचं. आणि तुकडा नेमका बऱ्या जागचा निघाला, तर आजार सौम्यच वाटणार.

फायब्रोस्कॅन या बिनसुईच्या तपासणीत बरगड्यांवर टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस्स. यकृत जितकं कडक, तितकी त्या टिचकीने आत उठलेली लहर वेगाने धावते. १० मोजमापांचा मध्यांक किलोपास्कलमध्ये, म्हणजे कडकपणाच्या एककात, हातात मिळतो. मात्र किमान ३ तास उपाशी राहून जायचं. पोहे-चहा करून गेलात, तर आकडा उगाच फुगतो. ऐन काविळीतही तसंच. पोटात पाणी झालं असेल तर मोजमाप सहसा मिळतच नाही.

वरचेवर तपासायचं तर मी फायब्रोस्कॅनच निवडेन. पण यकृत बिघडलं कशामुळे, हे तो सांगत नाही. तिथे कधी कधी सुईच लागते. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या रेसमेटिरॉम या फॅटी लिव्हरवरच्या औषधाचा परिणामही संशोधकांनी बायोप्सीच्या तुकड्यांवरच जोखला होता.