कॅटाटोनियातलं मूल: लोराझेपाम की ईसीटी?

बोलतं-खेळतं पोर अचानक गप्प होतं, घास तोंडातच धरून बसतं, उचललेला हात तसाच हवेत राहतो. घरच्यांना हट्ट वाटतो, शेजाऱ्यांना बाहेरची बाधा. हा कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठवून टाकणारी अवस्था, असू शकतो. ऑटिझम असलेल्या मुलांत तर तो सहज नजरेतून सुटतो.

पहिला मान लोराझेपामचा, म्हणजे मन शांत करणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधाचा. किशोरवयीनांना साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम, लहानग्यांना वजन बघून कमी. काही मिनिटांत किंवा तासांत मूल बोललं, तर निदानालाही पुष्टी मिळते. एका औषधात दोन कामं! पण फरक पडला नाही म्हणून निदान चुकलं, असं नव्हे. कधी डोस बराच वाढवावा लागतो. तेव्हा गुंगीवर आणि श्वासावर लक्ष हवंच.

ईसीटी म्हणजे मेंदूला मोजका विद्युतप्रवाह देण्याचा उपचार, लोकांच्या तोंडचा ‘शॉक’. सिनेमांनी तिची फार बदनामी केली. प्रत्यक्षात भूल देऊन, स्नायू शिथिल करून ती देतात. औषध हरलं, किंवा ताप चढून नाडी-रक्तदाब अस्थिर झाला, तर मी तिच्याच बाजूचा. काही काळ विसरायला होतं, हे खरं. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. कागद लवकर हलवलेले बरे.

मेंदूला सूज वगैरे मूळ कारणाचा शोध दोन्हींसोबत चालूच राहतो. अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) मात्र घाईने सुरू केलं तर अवस्था आणखी बिघडू शकते.