ऑफिसच्या भिंतीवर कोण: मत्तय की ओमोबोनो?

नवं ऑफिस थाटलं आणि फादरांना आशीर्वादाला बोलावलं, की भिंतीवर कुठल्या संताची तसबीर लावायची हा प्रश्न येतोच. वकील मंडळींचं बहुधा थॉमस मोर आणि इव्हो यांच्यात ठरतं. मोरनं इंग्लंडच्या राजापुढे मान तुकवली नाही आणि १५३५ साली शिरच्छेद पत्करला. फ्रान्समधल्या ब्रिटनीचा इव्हो रोजच्या दाव्यांतच संत झाला. चित्रांत तो एका श्रीमंताच्या आणि एका गरिबाच्या मध्ये उभा असतो. मी वकील असतो तर इव्होला निवडलं असतं. पण मी सीए आहे, आणि आम्हा हिशेबवाल्यांना सगळे एकच नाव सुचवतात: संत मत्तय, येशूचा शिष्य होण्याआधी जकात गोळा करणारा.

त्यात चूक काहीच नाही. त्याचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेला येशूच्या जीवनाचा वृत्तान्त, हिशेबाच्या माणसाच्या नजरेनं वाचून बघा. दहा हजार तालांताचं प्रचंड कर्ज माफ झालेला आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा चाकर फक्त त्याच्याकडे भेटतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या रोजाची गोष्टही त्याचीच. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला चांदीची किती नाणी मिळाली, तो तीसचा आकडाही त्यानंच नोंदवला. मला सर्वात जास्त भिडतो तो सत्ताविसावा अध्याय. यहूदानं मंदिरात फेकून दिलेले पैसे याजक उचलतात आणि विचार करत बसतात, की हे रक्ताचं मोल, भांडारात जमा करता येत नाही, मग कुठे खर्ची घालायचं? कुठली रक्कम कुठल्या खात्यात टाकायची हा आमचा रोजचाच पेच आहे. तो ज्यानं टिपून ठेवला, त्याचं बोट कधीतरी पैशाच्या रकान्यांवरून फिरलेलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय मत्तय सहज मिळतो. त्याची पदकं आहेत, चित्रं आहेत, घरच्यांना तो कोण हे सांगावं लागत नाही. इटलीतल्या ओमोबोनो या दुसऱ्या संताचं नाव मी घेतलं तेव्हा आमच्या वसईत दोघातिघांनी मला ते परत उच्चारायला लावलं.

तरी माझं अडलं ते एका गोष्टीवर. मत्तयाचा सण २१ सप्टेंबरला येतो. टॅक्स ऑडिटची मुदत एरवी ३० सप्टेंबरची, म्हणजे हातात नऊ दिवस. नोकरीत होतो तेव्हा एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर माझा एक सहकारी काम सोडून गेला. त्याच्या अर्धवट फायली माझ्या टेबलावर आल्या. कुठली बिलं तपासली, कुठली राहिली, याची धड नोंद नव्हती. त्या आठवड्यात झोप जेमतेमच झाली. तशात सणाच्या दिवशी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो, तर प्रवचनाचा विषय: मत्तय जकातनाक्यावरून उठला आणि निघाला. माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. कफर्णहूमच्या त्या नाक्यावर त्याच्यानंतर कोण बसलं? वही कुणाच्या हाती दिली? रोममधल्या काराव्हाज्योच्या चित्रातसुद्धा येशू हात पुढे करून बोलावतो आहे आणि टेबलाच्या टोकाचा एक तरुण मान खाली घालून नाणीच मोजतो आहे. मला त्या वर्षी तो तरुण आठवला.

प्रभूनं हाक दिली, तो गेला. त्याचं जाणं योग्यच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण मला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर बसायचं असतं, आणि तिथे बसून कसं राहायचं हे मला मत्तयाकडून कळत नाही.

ते मला क्रेमोनाच्या ओमोबोनोकडून थोडंफार कळलं. नावाचा लॅटिन अर्थच भला माणूस. कापडाचा व्यापारी, बायको असलेला, घरसंसार करणारा. धंदा चालवत राहिला, कमाईतला मोठा वाटा गरिबांना देत राहिला, गावातली भांडणं मिटवत राहिला. १३ नोव्हेंबर ११९७ रोजी मिस्सा चालू असताना, ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी, तो हात पसरून जमिनीवर पडला आणि तिथेच गेला. जेमतेम चौदा महिन्यांत, जानेवारी ११९९ मध्ये, पोप इनोसंट तिसरे यांनी त्याला संत घोषित केलं. राजा नाही, धर्मगुरू नाही, दुकानदार.

हेही सांगायला हवं की तो व्यापाऱ्यांचा आणि शिंप्यांचा आश्रयदाता मानला जातो. हिशेबनिसांचा म्हणून मत्तयच. काटेकोर माणसाला हा मुद्दा खटकेल, आणि तो खटकणं रास्त आहे. तुम्ही नोकरी सोडून दुसऱ्याच वाटेला लागायच्या विचारात असाल, तर मत्तयासारखा सोबती नाही. ज्याला तिथेच राहून ताळेबंदाखाली सही करायची आहे, ‘एवढं एक बिल मागच्या तारखेचं धरा’ म्हणणाऱ्या जुन्या अशिलाला समोर बसवून नाही म्हणायचं आहे, त्यानं निदान एकदा ओमोबोनोचा विचार करावा.

माझ्या ऑफिसात दाराजवळ आईनं दिलेला मत्तय आहे. खुर्चीसमोर, मान वर केली की दिसेल असा, ओमोबोनो आहे. त्याचं चित्र प्रिंट काढून मीच चौकटीत बसवून घेतलं. त्याचा सण येतो तोवर ऑडिटच्या फायली कपाटात गेलेल्या असतात, त्यामुळे १३ नोव्हेंबरला मला सकाळच्या मिस्साला निवांत बसता येतं.