सर्फिंग सुधारायचंय, मग स्केटबोर्ड घ्यावा की जिम लावावी?

समुद्रात उतरायला आठवड्यातून एखादा दिवस मिळतो, कधी तोही नाही, मग मधल्या दिवसांत काय केलं तर लाटेवर फरक दिसेल असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मी दोन्ही करून बघितलंय. आधी जवळपास वर्षभर जिम आणि पोहणं, मग सर्फस्केट, आणि आता दोन्ही चालू आहे पण सारख्या मापात नाही. ज्यांना पॉप-अप (पालथं पडलेलं असताना झटक्यात बोर्डवर उभं राहणं) म्हणजे काय, आपण रेग्युलर की गूफी (डावा पाय पुढे की उजवा) हे माहितीये त्यांच्यासाठी लिहितोय. आणि स्केटबोर्ड म्हणजे इथं सर्फस्केटच धरा, ज्याचा पुढचा ट्रक, म्हणजे चाकं बसवलेला सांगाडा, भरपूर वळतो तो. साध्या बोर्डवर ऑली (बोर्डसकट उडी) शिकलात तर तोल सुधारेल, पण टर्नचा तो फील त्यात येत नाही.

आधी जिमची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. सर्फर पाण्यात असताना नक्की काय करतो याचा वेळ लावून अभ्यास झालेत, आणि त्यांत ढोबळमानानं असं दिसतं की निम्म्याच्या आसपास वेळ पॅडलिंगमध्ये, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवण्यात जातो, बराचसा बसून वाट बघण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभं राहणं दहा टक्क्यांच्याही खाली. फिटनेसवाले हाच आकडा पुढे करतात आणि ते बरोबरच आहे, लाट पकडताच आली नाही तर पुढच्या टर्नचं काय करायचं. मला पुलअप्सचा आणि पोहण्याचा फायदा झाला. एका दमात लांबच लांब पोहण्यापेक्षा छोट्या छोट्या जोरदार लेंग्थ मारणं, मध्ये थोडं थांबणं, परत मारणं, याचा जास्त झाला, कारण लाट पकडताना पण तसंच असतं, सात-आठ स्ट्रोक जीव खाऊन मारायचे आणि मग एकतर उभं राहायचं नाहीतर परत वळायचं. पाठीचा वरचा भाग मोकळा करणारे व्यायाम केले तेव्हा छाती उचलून पॅडल मारताना मानेवर येणारा ताण कमी झाला, हे तर कुणीही करावं. तो अर्ध्या चेंडूसारखा डुगडुगणारा बोसू असतो ना, त्यावर उभं राहून स्क्वॉट मारण्याचा मात्र मला लाटेवर काही उपयोग जाणवला नाही, कुणाला होत असेल तर माहीत नाही. आणि श्वास रोखायचा सराव पूलमध्ये एकट्यानं कधीच करू नका, पाण्याखाली शुद्ध जाते आणि जाण्याआधी काही कळत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं मन फिरलं ती सांगतो. फोरकास्टमध्ये स्वेल (लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा) तीन दिवसांवर दिसत होता म्हणून मी ठरलेल्या दिवशी जिमला गेलो, पुलअप्स, डिप्स, रोईंग, सगळं मन लावून केलं कारण पुढे दोन दिवस आराम आहेच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेल आलेला. मागाहून कळलं की लांब पिरियडच्या, म्हणजे एकीनंतर दुसरी यायला जास्त सेकंद लागणाऱ्या लाटा वेगानं प्रवास करतात, त्यामुळं मोठ्या स्वेलची पहिली टोकं अशी आधी येऊन पोचतात. गेलो धावत. पहिल्या दहा मिनिटांतच दंड भरून आले. लाइनअपला, म्हणजे लाटेची वाट बघत बसतात तिथं पोचलो, बसलो, आणि सेटमधली (ओळीनं येणाऱ्या मोठ्या लाटांतली) दुसरी लाट अगदी माझ्यासमोर आली, इतकी नेमकी की जागेवरून हलायचीही गरज नव्हती, वळलो, पॅडल मारायला लागलो, बोर्डची शेपटी उचलली गेली, आता फक्त दोन स्ट्रोक पाहिजे होते आणि ते दोन स्ट्रोक हातात नव्हते. लाट अंगाखालून निघून गेली. तशा चार गेल्या त्या दिवशी. महिनाभरातला सगळ्यात चांगला दिवस होता तो.

एकदाच झालं असतं तर विसरलो असतो, पण हे परत परत व्हायला लागलं. स्वेल आपलं टाइमटेबल बघून येत नाही. मग मी फोरकास्ट बघून जिम पुढेमागे करायला लागलो, आज जड करू की नको, परवा येईल का, आणि त्या नादात जिमही धड होईना. काही जण म्हणतील वजन कमी घे, नीट प्लॅन कर, आणि ज्यांच्या लाटा ठरलेल्या मोसमात येतात त्यांनी ऑफ-सीझनमध्ये दणकून जिम करावी, त्यांना ही अडचण फारशी येणार नाही. माझं तसं नव्हतं. लाट कधीही येऊ शकत असेल तर हात कायम ताजे लागतात, आणि हातांना ताकद देणारा व्यायाम आधी दोन दिवस ते हातच काढून घेतो.

सर्फस्केट घेतल्यावर पहिला फरक हाच जाणवला की रात्री तासभर खेळून सकाळी समुद्रात गेलो तरी हात जसेच्या तसे. मांड्या, पोटऱ्या थोड्या धरतात, पण त्यानं लाट हुकत नाही. आणि मग तो आकडा मला उलटा दिसायला लागला. निम्मा वेळ पॅडलिंगमध्ये जातो ना, म्हणजे पॅडलिंगचा सराव समुद्र स्वतःच करून घेतो, पाण्यात जाल तितका होतो. होत नाही तो टर्नचा. दोन तास पाण्यात काढून एकूण उभं राहणं जेमतेम काही मिनिटांचं, त्यात एका लाटेवर खरा बॉटम टर्न (लाटेच्या तळाशी घेतलेलं वळण) एकच, आणि तो चुकला तर पुढची लाट येईपर्यंत काय चुकलं ते विसरायला होतं. स्केटवर पाच मिनिटांत वीस टर्न होतात आणि तेरावा चुकला तर चौदाव्यात लगेच दुरुस्त करता येतो.

माझी चूक होती पायांकडे बघण्याची. लाटेवर सगळे ओरडून सांगायचे वर बघ वर बघ, कळायचं पण व्हायचं नाही. मग एका हलक्या उतारावर खडूनं जमिनीवर एक रेघ मारली, ती लाटेचा ओठ, म्हणजे वरची कड धरायची. उतारावरून खाली यायचं, गुडघे वाकवून बसायचं, आणि वळायच्या आधी मान फिरवून त्या रेघेकडे बघायचं, मग पुढचा हात, मग खांदा, कंबर, आणि बोर्ड आपोआप मागून येतो. ज्या वेळी मी खाली बघितलं त्या वेळी बोर्ड सरळच गेला, एकदाही वळला नाही. असं शंभरदा झाल्यावर शरीराला पटतं, सांगावं लागत नाही. आतला हात जमिनीच्या इतका जवळ यायचा की बोटं घासायची. ही खोडही जुनी आहे, स्केटबोर्डचा जन्मच कॅलिफोर्नियातल्या सर्फरांनी लाटा नसताना करमावं म्हणून झालेला, आणि १९७५ ला तिथल्याच डेल मारच्या स्केटबोर्ड स्पर्धेत झेफर या सर्फ शॉपच्या टीमची पोरं जमिनीला हात टेकवून जी वळत होती ती हवाईच्या लॅरी बर्टलमन या सर्फरची लाटेवरची स्टाइल होती, त्या टर्नला अजूनही बर्ट म्हणतात. सर्फ आणि स्केट यांचं नातं असं पहिल्यापासूनचं आहे.

स्केटचे तोटे नाहीत असं अजिबात नाही. पॉप-अप त्यात येतच नाही, तुम्ही आधीच उभे असता. लाट वाचणं येत नाही, सिमेंट आपल्या जागेवर असतं. आणि एक वाईट सवय लागते, सपाट जागेवर कंबर डावी-उजवी हलवून स्पीड काढायची, समुद्रात तेच केलं तर बोर्ड जागच्या जागी वळवळतो आणि लाट पुढे निघून जाते, कारण तिथं स्पीड लाटेच्या भिंतीवर वर-खाली केल्यानं मिळतो. म्हणून मी सपाटावर कमी आणि उतारावर किंवा बँकवर (तिरप्या सिमेंटच्या भिंतीवर) जास्त खेळतो. पाऊस पडला की बंद. छोटासा खडा चाकाखाली आला की बोर्ड जागेवर थांबतो आणि आपण पुढे, त्यामुळं मी आधी झाडू मारतो, रोज, पाच मिनिटं. मनगटाचं तर सगळ्यात जास्त सांभाळा, पडताना हात टेकतोच आणि मनगट मुरगळलं की पॉप-अप गेला, म्हणजे समुद्रही गेला. रिस्ट गार्ड आणि हेल्मेट घालूनच खेळा.

अजून लाइनअपपर्यंत पोचतानाच दम लागत असेल, व्हाइट वॉटरमध्ये (फुटलेल्या लाटेच्या फेसात) अडकून परत फिरायला लागत असेल, तर मी म्हणेन आधी पोहणं आणि जिम, स्केट सहा महिन्यांनी घ्या. खांदा दुखतो त्यांनीही आधी खांदा बघावा. पण लाटा मिळतायत, उभं राहताय, आणि तरी प्रत्येक वेळी सरळ किनाऱ्याकडेच येताय, तर माझ्या अनुभवावरून तुमचे पैसे आणि संध्याकाळचा वेळ बोर्डवर जाऊ द्यात.

जिम मी पूर्ण सोडली नाहीये. खांद्यासाठी रबर बँड बाहेरच्या बाजूला ओढायचे दोन सेट, पाठ मोकळी करायची, आठवड्यातून एकदा पोहणं, तेही हात भरून येतील इतकं नाही. बोर्ड घेताना स्प्रिंगवाला ट्रक घ्यायचा की बिनस्प्रिंगचा यावर लोक खूप बोलतात. मला स्प्रिंगवाला आवडला कारण तो जास्त झोकून वळतो, पण पायानं ढकलत लांब जायचं असेल तर तो डगमगतो, आणि तीव्र उतारावर कुठलाच सर्फस्केट नेऊ नका. पहिले चार-पाच दिवस तर ट्रककडे लक्षच देऊ नका, नुसतं खाली बसून मान फिरवा.