अग्निवीर की एसएससी जीडी? दोन्हीकडे पळून झालेल्याचं मत

गावातली पोरं फोन करून हेच विचारतात, दादा अग्निवीर करू का जीडी करू, म्हणजे आर्मीतली चार वर्षांची अग्निवीर भरती की बीएसएफ, आयटीबीपीसारख्या निमलष्करी दलांची एसएससीची जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल भरती. पहिलं सांगतो, फॉर्म दोन्हीचे भरा, त्यात वादच नाही, फॉर्म भरून काय बिघडत नाय. खरा प्रश्न फॉर्मचा नाहीये, वर्षाचा आहे. वय हातातून जात असतं, घरचे पैसे अकॅडमीत जात असतात आणि जीव एकाच तयारीला लावता येतो, म्हणजे पायाला जास्त वेळ द्यायचा की पुस्तकाला हे ठरवावंच लागतं. मी ते ठरवलं आणि जीडीकडे वळलो, आज त्याच वर्दीत आहे, त्यामुळे माझं झुकतं माप कुठं आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

अग्निवीरची नोकरी चार वर्षं, पुढं कायम पंचवीस टक्केच, बाहेर पडताना एकरकमी सेवा निधी, पेन्शन नाही, हे सगळं २०२२ पासून एवढं चघळून झालंय की ते मी परत सांगत बसत नाही. आणि कित्येक जण त्यावरूनच निर्णय घेतात ते पण ठीकच आहे. माझा निर्णय मात्र त्यावर झाला नाही, पुढं सांगतो कशावर झाला.

आधी आर्मीच्या बाजूचं बोलू, कारण ती बाजू हलकी अजिबात नाही. आमच्या साताऱ्याकडं भरती म्हणजे आर्मीच, बाकी सगळं नंतर. अपशिंगे मिलिटरी इथून जवळच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले सेहेचाळीस जवान गेले, आणि तिथं अजूनही घराघरात फौजी आहेत. अशा भागात वाढल्यावर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग करायचं हे स्वप्न पोराच्या डोक्यात शाळेतच बसतं आणि ते पगाराच्या तक्त्यावर तोलता येत नाही. दुसरं म्हणजे वेग. २०२५ चंच बघा, मार्च-एप्रिलमध्ये फॉर्म, ३० जूनपासून ऑनलाइन लेखी, मग त्याच वर्षी रॅल्या, म्हणजे मैदानी चाचणी. लागलं तर लवकर कळतं, नाही लागलं तरी लवकर कळतं. घरी बसलेल्या पोराला हे किती महत्त्वाचं असतं ते ज्यानं वाट बघितलीय त्यालाच समजेल. लेखी पण आता मराठीतून देता येते आणि पन्नासच प्रश्न असतात, दहावीचा अभ्यास नीट झालेला असेल तर घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आता माझं गाडं कुठं अडलं ते. सोळाशे मीटर. आर्मीत अग्निवीरच्या जनरल ड्युटी पोस्टला सोळाशे साडेपाच मिनिटांच्या आत आलं की साठ मार्क, आणि पाच एकतीस ते पाच पंचेचाळीसमध्ये आलं की अठ्ठेचाळीस. मी पळालो तेव्हा पाच पंचेचाळीसच्या पुढं सरळ घरी, २०२५ पासून सव्वासहा मिनिटांपर्यंत अजून दोन गट केलेत पण त्यांचे मार्क छत्तीस आणि चोवीस, म्हणजे मैदानात टिकाल, मेरिटला टिकणं अवघड. साठ आणि अठ्ठेचाळीस यात बारा मार्कांचा फरक आहे आणि लेखीत एक प्रश्न दोन मार्काला, म्हणजे एका सेकंदाने मागं राहिलात तर लेखीतले सहा प्रश्न गेले. कटऑफ जिथं अर्ध्या-एका मार्कावर लागतो तिथं सहा प्रश्न म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

माझं टायमिंग पाच अडतीस-चाळीसच्या आसपास येऊन बसलेलं. साडेपाचला यायचं तर चारशेचा प्रत्येक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदात हवा. पहिला मी अठ्ठ्याहत्तरला मारायचो, दुसरा ब्याऐंशी, आणि तिसऱ्याला दरवेळी अठ्ठ्याऐंशी-नव्वद. तिसऱ्या राऊंडला पोटऱ्या भरून यायच्या, खांदे वर चढायचे, आणि चौथ्याला कितीही ओढलं तरी ते सहा-आठ सेकंद भरून निघत नव्हते. सरांनी पहिला राऊंड हळू काढायला लावला, चढावर पळवलं, वाळूत पळवलं, वजन कमी करून बघितलं, दोन-तीन सेकंद इकडं-तिकडं झाले पण साडेपाचच्या आत येणं काही जमेना. वर्षभर पहाटे उठून त्या दहा सेकंदांच्या मागं लागलो आणि त्यात नडग्या धरल्या, मग पंधरा-पंधरा दिवस पळणं बंद, परत पहिल्यापासून सुरू.

बरं सराव वेगळा आणि प्रत्यक्ष रॅलीतली बॅच वेगळी. तिथं शंभर-दीडशे पोरं एकदम सुटतात. पहिल्या वळणावर कोपरं लागतात, पाय पायात अडकतो, कुणीतरी पडतं, तुम्ही मागच्या रांगेत उभे राहिलात तर बाहेरून वळसा घालून पुढं यावं लागतं आणि त्यातच तीन-चार सेकंद जातात. रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर रिपोर्टिंग असतं, झोप झालेली नसते, थंडीत अंग आखडलेलं असतं. यात कुणाचा दोष काढावा असं काही नाही, एवढ्या पोरांची भरती घ्यायची तर असंच होणार, आणि जे खरंच दमाचे पळणारे आहेत ते या गर्दीतून पण सव्वापाचला येतात, मी बघितलेत. पण माझ्यासारखा जो पोरगा बरोबर सीमेवर आहे त्याचं वर्षभराचं काम पहिल्या दोनशे मीटरच्या धक्काबुक्कीवर ठरतं. मला ते सहन झालं नाही, खरं सांगायचं तर पळण्याचा त्रास नव्हता, आपलं भविष्य अशा गोष्टीवर टांगलेलं आहे जी आपल्या हातातच नाही याचा त्रास होता. पुलअप्स दहा निघत होते, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग काही अडचण नव्हती, मेडिकलची भीती नव्हती. नुसते ते दहा सेकंद. वयात बसत असून, अजून एक भरती देता येत असूनसुद्धा मी तिथं थांबलो.

आता एसएससी जीडीचं ग्राउंड बघा. पाच किलोमीटर, चोवीस मिनिटं. ऐकायला लांब वाटतं पण हिशोब मांडा, किलोमीटरला चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. जो सोळाशे पाच चाळीसला पळतो तो किलोमीटर साडेतीन मिनिटांच्या आसपास काढत असतो, त्याला हा वेग म्हणजे दम राखून पळणं. आणि मुख्य म्हणजे हे ग्राउंड फक्त पात्रतेपुरतं आहे, बाविसात आलात काय आणि तेवीस पन्नासला आलात काय, मार्क शून्यच. मेरिट लागतं लेखीवर. मी गेलो तेव्हा पायाला वेळ मोजणारी चिप होती, गर्दीत पुढं घुसायची घाई कुणालाच नव्हती, आरामात आपल्या लयीत पळालो आणि कधी संपलं कळलं नाही. इतका हलका मी त्याआधी कुठल्याच ग्राउंडवर नव्हतो.

अर्थात मग सगळा भार लेखीवर येतो आणि तिथं स्पर्धा मोठी आहे. ऐंशी प्रश्न, एकशे साठ मार्क, साठ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. पेपर मराठीतून निवडता येतो २०२४ पासून, पण शेवटचे वीस प्रश्न हिंदी नाहीतर इंग्रजीचेच असतात हे बऱ्याच पोरांना परीक्षेच्या आधी पंधरा दिवस कळतं. आपल्याला वाटतं हिंदी तर येतेच की, सिनेमे बघून मोठे झालोय, पण तिथं वर्तनी शुद्धी, समास, मुहावरे विचारतात आणि आपली पोरं मराठीच्या सवयीनं वेलांटी-उकार चुकवतात. मी हिंदीच घेतलं होतं, रोज एक तास फक्त त्यालाच द्यायचो आणि मला वाटतं माझं मेरिट त्या वीस प्रश्नांनीच तारलं. गणित, रिझनिंग सगळ्यांचंच चांगलं असतं.

जीडीची जी खरी डोकेदुखी आहे ती वाट बघण्याची. ही मी लपवणार नाही. जाहिरात ५ सप्टेंबर २०२४, लेखी फेब्रुवारी २०२५, निकाल जूनमध्ये, ग्राउंड ऑगस्टपासून, त्यानंतर डॉक्युमेंट, मेडिकल, फायनल लिस्ट, मग जॉइनिंग लेटर. या काळात पोरगं ना धड नोकरीला लागू शकत ना धड पळणं सोडू शकत, शेजारचे विचारतात काय झालं रे तुझं, आणि उत्तर एकच, निकाल यायचाय. मी त्या काळात सकाळी पळून दिवसा एका दुकानात काम करायचो, तेवढाच घरी हातभार. ज्याच्या घरी एवढं थांबायची ताकद नाही त्याला मी जीडी कर असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्यापुरतं सांगायचं तर वाट बघणं जमलं, ते दहा सेकंद जमले नाहीत.

उंचीचा विषय आला की पोरं गोंधळतात म्हणून थोडं सविस्तर. अग्निवीर जीडीला आपल्या महाराष्ट्रासाठी १६८ सेंटिमीटर. एसएससीला सर्वसाधारण १७०, हे वाचून १६६-६७ वाली पोरं तिथंच फॉर्म सोडून देतात. पण त्याच जाहिरातीत गढवाली, कुमाऊनी, डोगरा यांच्यासोबत मराठा उमेदवारांना १६५ ची सवलत दिलेली आहे, छातीलाही ८० ऐवजी ७८. म्हणजे आर्मीत जो एक-दोन सेंटिमीटरने बाहेर जातो तो इथं आत येऊ शकतो. अट एकच, जाहिरातीच्या मागं जो नमुना दिलाय त्याच नमुन्यात त्या सवलतीचा दाखला हवा. नुसता जातीचा दाखला दाखवून चालत नाही. आणि हा नमुना सेतूवाल्याला माहीत असेलच असं नाही, म्हणून प्रिंट काढून स्वतः घेऊन जा. आरक्षणाचं पण तसंच, अग्निवीरला जातीवर जागा नाहीत, एसएससीला ओबीसी, ईडब्ल्यूएस वगैरे आहे पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा एसईबीसीचा दाखला तिथं उपयोगाचा नाही. ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर तो काढा.

नावाचं पण बघून ठेवा. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, कुठं वडिलांच्या नावापुढं राव लागलेलं असतं कुठं नसतं. दोन्ही भरतीत डॉक्युमेंटच्या टेबलावर यावरून पोरं अडकतात, माझ्यासमोर ग्राउंड पास झालेला एक जण त्यासाठी रडकुंडीला आलेला. आधार दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे करून घ्या, एवढंच.

मेडिकल दोन्हीकडं कडकच, कान साफ करून जा, दात, गुडघे, हातावरचा टॅटू हे आधीच एखाद्या डॉक्टरला दाखवा, यात दोन भरत्यांत मला तरी फार फरक जाणवला नाही.

राहिलं वय. अग्निवीरला २०२५ च्या भरतीत एकवीस होतं, जीडीला तेवीस, त्यात ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षं वाढीव. म्हणून काही जण म्हणतात आधी अग्निवीर देऊन घ्या, जीडी नंतर आहेच, आणि चार वर्षांनी बाहेर पडलात तरी निमलष्करी दलात अग्निवीरांसाठी २०२२ मध्येच दहा टक्के जागा आणि वयात सूट जाहीर झालीय. हे म्हणणं चुकीचं नाही. तुमचं वय साडेसतरा-अठरा असेल आणि सोळाशे सरावात पाच वीसच्या आत येत असेल तर मी म्हणेन डोळे झाकून आर्मीच्या मागं लागा, रॅलीत दहा सेकंद गेले तरी तुम्ही साडेपाचच्या आतच राहाल. पाच वीस ते तीसमध्ये असाल तर एक सीझन जीव तोडून द्या. पण सहा महिने नीट सराव करून, नीट खाऊन पण पाच पस्तीस-चाळीसलाच अडकला असाल, तर माझ्या मते त्या सेकंदांच्या मागं नडग्या फोडून घेण्यापेक्षा रोजचं पळणं पाच किलोमीटरवर आणा, पहाटेचा एक तास ग्राउंडला द्या आणि बाकीचा दिवस पुस्तकाला. वर्दी तीच खाकी-हिरवी, सीमेवर बीएसएफ पण उभी असते, आयटीबीपी पण.

घरी वडिलांना आधी थोडं लागलं होतं, त्यांना पलटणच हवी होती. जॉइनिंग लेटर आलं तेव्हा मात्र गावात पेढे त्यांनीच वाटले.