आर्डवुल्फ आणि मडलेट: टेक्स्ट गेममध्ये नवीन असाल तर इथून सुरू करा

टेक्स्टवर चालणाऱ्या फँटसी गेममध्ये नवीन माणूस पहिल्याच दिवशी का पळून जातो यावर माझं ठाम मत आहे. लोकांना वाटतं कमांड पाठ होत नाहीत म्हणून, पण कमांड अर्ध्या तासात हातात बसतात, खरी पंचाईत होते ती स्क्रीनवर भराभर वर सरकणाऱ्या मजकुराची, त्यातलं काय वाचायचं आणि काय सोडायचं हे कुणी शिकवतच नाही. म्हणून नवख्यासाठी गेम निवडताना मी एकच गोष्ट बघते, पहिल्या तासात तो तुम्हाला वाचायला शिकवतो का. या बाबतीत मला आर्डवुल्फ सगळ्यात आवडला आणि तो खेळायला मडलेट हे सॉफ्टवेअर, म्हणून दोघांचा मिळून हा रिव्ह्यू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या प्रकाराला मड म्हणतात, मल्टि-यूजर डन्जन. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने पीडीपी-१० कॉम्प्युटरवर लिहायला घेतला आणि नंतर रिचर्ड बार्टलने तो पुढं नेला. मग १९९१ मध्ये कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी डिकूमड काढला आणि लेव्हल, क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, राक्षस मारून एक्स्पीरियन्स, चांगलं सामान मिळवून अजून मोठा राक्षस, हा साचा पक्का करून टाकला, आज ग्राफिक्सवाल्या ऑनलाइन गेममध्ये जे दिसतं त्यातलं बरंचसं तिथूनच आलंय. आर्डवुल्फ याच डिकू घराण्यातला, १९९६ पासून चालू आहे आणि खेळायला फुकट आहे.

मडलेटपण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. उघडलं की गेमांची यादी समोर येते, त्यात आर्डवुल्फ आधीपासूनच असतो, त्यामुळे पत्ता आणि पोर्ट नंबर शोधत बसावं लागत नाही, नाव निवडा आणि कनेक्ट करा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करा, पासवर्ड वेगळा ठेवा, दुसरीकडे कुठेच वापरत नसलेला, कारण मड हे जुन्या टेलनेट पद्धतीने जोडले जातात आणि साध्या टेलनेटमध्ये पासवर्ड एन्क्रिप्ट न होता जातो.

मग कॅरेक्टर बनवायचं. इथं लोक तासभर डोकं खाजवतात की मेज म्हणजे जादूगार घेऊ का थीफ म्हणजे चोर घेऊ, रेस म्हणजे वंश कुठला घेऊ. आर्डवुल्फमध्ये एवढा विचार करायची गरज नाही. सात मुख्य क्लास आहेत आणि २०१ लेव्हलला पोचलात की रिमॉर्ट करता येतं, म्हणजे दुसरा क्लास घेऊन परत पहिल्या लेव्हलपासून चालू, आधीच्या क्लासची स्किल्स तशीच ठेवून. असं करत करत सातही क्लास एकाच कॅरेक्टरला मिळतात. त्यामुळे पहिली निवड ही फक्त कुठून सुरुवात करायची एवढ्यापुरतीच असते. माझं विचाराल तर वॉरियर घ्या, मारामारीत कमी टाईप करावं लागतं आणि नजर मजकुरावर राहते.

आता अकॅडमी, जिच्यासाठी मी हा गेम सुचवतेय. नवीन कॅरेक्टर सुरुवात करतं ते आयलर शहराच्या अकॅडमीत. एकेका खोलीत एकेक गोष्ट, चालायचं कसं, वस्तू उचलून अंगावर घालायची कशी, शस्त्र हातात कसं घ्यायचं, स्किल कुठं शिकायचं, मग छोटी मारामारी. तुम्ही कितीही वेळ एका खोलीत उभे राहू शकता, कुणी ढकलत नाही. टास्क्स टाईप केलं की तुमचं पुढचं काम काय ते दिसतं. वाचायला भरपूर आहे, काही जणांना कंटाळा येऊन ते अर्ध्यात सोडून बाहेर पळतात, माझं कळकळीचं सांगणं आहे की सोडू नका, सगळी खरी शिकवणी तिथंच आहे आणि वर सुरुवातीचं सामानपण मिळतं.

वाचायचं कसं ते सांगते, कारण हे एकदा कळलं की जगातला कुठलाही मड परका वाटत नाही. खोलीत शिरलात की सगळ्यात वर खोलीचं नाव, मग चारपाच ओळींचं वर्णन, मग बाहेर जायच्या दिशा, मग जमिनीवर पडलेल्या वस्तू, मग तिथं असलेले राक्षस आणि माणसं, आणि सगळ्यात खाली प्रॉम्प्ट, म्हणजे तुमची स्थिती आकड्यांत दाखवणारी ओळ. नवीन माणूस वरून खाली वाचतो आणि वर्णन संपेपर्यंत खाली तीन ओळींची भर पडलेली असते. चालत असताना उलटं वाचा, आधी प्रॉम्प्ट, मग खोलीत कोण आहे, मग दिशा, आणि जागा सुरक्षित आहे असं कळलं की मग लुक टाईप करून वर्णन निवांत वाचा, ते वाचलंच पाहिजे कारण त्या क्षेत्रातल्या, म्हणजे जगाच्या त्या भागातल्या, कामांचे धागेदोरे त्यातच असतात. वर्णनात एखाद्या मूर्तीचा नाहीतर फळीचा उल्लेख असेल तर लुक लावून तेवढंच बघायचं, कितीतरी वेळा मागं लपलेलं दार सापडतं.

प्रॉम्प्टकडं नीट बघा. आर्डवुल्फमध्ये एका कंसात पाच आकडे असतात. एचपी म्हणजे जीव किती उरला, एमएन म्हणजे माना, मंत्रांसाठी लागणारी शक्ती, एमव्ही म्हणजे मूव्ह, चालायची ताकद, ती संपली की पाऊल टाकता येत नाही आणि स्लीप करून झोपावं लागतं, झोपेत सगळं लवकर भरून येतं. क्यूटी म्हणजे पुढची क्वेस्ट, गेमने दिलेलं शिकारीचं काम, मिळायला किती मिनिटं बाकी, आणि टीएनएल म्हणजे पुढच्या लेव्हलला किती एक्स्पीरियन्स बाकी. लढाई चालू असताना सुरुवातीला बाकी सगळं सोडून फक्त एचपीचा आकडा बघत राहा, तो निम्म्यावर आला की फ्ली करून निघायचं, थोडा दम खाऊन परत यायचं. मारायच्या आधी कन्सिडर लावायचं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, समोरचा तुमच्यापेक्षा कमजोर आहे का भारी हे एका ओळीत कळतं. आणि डिकू घराण्यातली एक गंमत म्हणजे घाव किती जोरात बसला हे क्रियापदावरून कळतं, साधं खरचटण्यापासून सुरू होतं, जोर वाढला की शब्द कॅपिटलमध्ये येतो, अजून वाढला की दोन्ही बाजूंना तारे लागतात, त्यामुळे थोडी सवय झाली की शब्द न वाचता नुसत्या त्याच्या आकारावरून लढाई कशी चाललीय ते कळायला लागतं. हे जेव्हा पहिल्यांदा आपोआप जमतं ना, तो आनंद मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिला नाही.

मडलेटची मदत होते ती इथंच. चालू मजकुरात वर स्क्रोल केलंत की खिडकीचे दोन भाग होतात, वरच्या भागात जुना मजकूर स्थिर आणि खालच्या भागात चालू मजकूर पळत राहतो, म्हणजे मागचं वाचताना जीव जातोय का ते दिसतंच, आणि कंट्रोल एंटर दाबलं की परत एक खिडकी. दुसरं म्हणजे कमांड पाठवल्यावर ती खालच्या ओळीत तशीच सिलेक्ट होऊन राहते, परत नुसतं एंटर मारलं की तीच परत जाते, मारामारीत हे फार कामाला येतं. आणि टॅब, राक्षसाच्या नावाची पहिली दोनतीन अक्षरं टाईप करून टॅब दाबा, स्क्रीनवर नुकतेच आलेले शब्द शोधून तो स्वतः पूर्ण करतो, अवघड स्पेलिंगची चिंता मिटली. फाँट मोठा करून घ्या, काळ्या पाटीवर बारीक रंगीत अक्षरं तासभर वाचणं डोळ्यांना त्रासाचं आहे.

ट्रिगर आणि एलियस हे मडलेटचं मोठं आकर्षण, ल्युआ नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काय वाट्टेल ते लिहिता येतं. एलियस पहिल्या दिवसापासून करा, लांब कमांडला छोटं नाव, काही अडचण नाही. ट्रिगर मात्र जरा थांबून, कारण ट्रिगर म्हणजे अमुक ओळ दिसली की तमुक कमांड आपोआप पाठवणं, आणि वाचायची सवय लागायच्या आधीच ते लावले तर सवय लागतच नाही. शिवाय तुम्ही समोर नसताना स्क्रिप्टने खेळवत ठेवणं आर्डवुल्फमध्ये नियमाबाहेर आहे.

विंडोजवाल्यांना आणखी एक पर्याय, मशक्लायंटचं आर्डवुल्फसाठी तयार केलेलं पॅकेज मिळतं, त्यात नकाशा, गप्पा आणि जीवाच्या पट्ट्या वेगवेगळ्या खिडक्यांत आधीच मांडलेल्या असतात. आर्डवुल्फ एके आर्डवुल्फच खेळायचा असेल तर ते जास्त सोयीचं, चार मड फिरून बघायचे असतील तर मडलेट.

माणसांबद्दल लिहायलाच पाहिजे. याआधी मी दुसऱ्या एका मडवर गेले होते, नाव घेत नाही, तिथं कॅरेक्टर बनल्या बनल्या चौकात सोडून दिलं, हेल्प टाईप केलं तर विषयांची भलीमोठी यादी, आणि चॅनलवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या जागी, विचारलं तर उत्तर काय, हेल्प फाईल वाच. आर्डवुल्फमध्ये न्यूबी नावाचा वेगळा चॅनल आहे, नवख्यांनी प्रश्न विचारण्यासाठीच, आणि हेल्पर म्हणून नेमलेले जुने खेळाडू तिथं उत्तर देतात. विचारताना एवढंच करा, नुसतं अडकले असं न लिहिता कुठल्या खोलीत आहे आणि काय टाईप केल्यावर काय उत्तर आलं ते लिहा, लगेच मदत मिळते. इंग्रजी लागतं हे खरं, सगळा गेम इंग्रजीत आहे, पण व्याकरण कुणी तपासत नाही, साधी तुटक वाक्यं चालतात.

अजून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दृष्टिहीन खेळाडू मडमध्ये मोठ्या संख्येने आहेत कारण सगळं शब्दांत असल्यामुळे स्क्रीन रीडरने खेळता येतं, मडलेटच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही स्क्रीन रीडरची सोय आहे, आणि समोरचा खेळाडू बघून खेळतोय का ऐकून हे तुम्हाला कळतही नाही. एकाच मोहिमेत सगळे बरोबरीनं असतात, असे गेम किती आहेत सांगा.

अकॅडमी संपल्यावर काय, तर जग एकदम उघडं पडतं आणि तिथं थोडं गांगरायला होतं. एरियाज कमांडने आपल्या लेव्हलची क्षेत्रं बघा, रिकॉल करून आयलरला या आणि तिथून रनटू लावा, ते थेट क्षेत्राच्या दारात नेऊन सोडतं, फक्त ते रिकॉलच्या जागेवरूनच चालतं एवढं लक्षात ठेवा. क्वेस्ट म्हणजे एक राक्षस शोधून ठराविक वेळेत मारायचा, मग साधारण अर्ध्या तासाने पुढची मिळते. कॅम्पेन म्हणजे राक्षसांची अख्खी यादी, एका लेव्हलला एकच, आणि जग ओळखीचं व्हायला याच्यासारखा मार्ग नाही कारण यादीपायी तुम्ही अशा ठिकाणी जाता जिथं एरवी गेलाच नसता. सोनं, क्वेस्ट पॉइंट, ट्रिव्हिया पॉइंट, प्रॅक्टिस (स्किल सुधारायला), ट्रेन (ताकदीसारखे गुण वाढवायला) अशी पाच प्रकारची शिल्लक सांभाळायची असते, नवख्याला हे जड जातं आणि मला वाटतं एवढे प्रकार नसते तरी चाललं असतं. सुरुवातीला प्रॅक्टिस क्लासच्या स्किलवर घाला, क्वेस्ट पॉइंट साठवत राहा, बाकीच्याकडं बघूच नका.

कुणासाठी नाही तेही सांगते. आर्डवुल्फ हा मारा, शोधा, लेव्हल वाढवा असा गेम आहे. बार्टलने १९९६ मध्ये मडच्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते, कमावणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर चालून जाणारे, त्यातल्या पहिल्या दोघांना इथं घर मिळेल आणि तिसऱ्यांना चॅनलवर गप्पा. पण तुम्हाला कॅरेक्टर म्हणून जगायचं असेल, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या शहराच्या राजकारणात पडायचं, तर १९९७ पासून चालू असलेला अकेया बघा, तिथली शहरं खेळाडूच चालवतात आणि ब्राउझरमधूनपण खेळता येतं. खेळायला तोही फुकट आहे पण आत क्रेडिट विकत मिळतात, आणि लढाई बरीच अवघड आहे, एकेका दुखण्यावर वेगळा इलाज अशी, त्यामुळे आधी आर्डवुल्फच्या अकॅडमीत वाचनाची गती कमवा आणि मग तिकडं जा.