फ्युएल गेजचं ग्राउंड: एकाच वायरवर की वेगळं?

बॅटरीत आत-बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज ठेवून किती चार्ज उरला ते सांगणारी चिप म्हणजे फ्युएल गेज. तिच्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १० मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा रेझिस्टर) आणला आणि आधी सोपा मार्ग धरला: गेजची ग्राउंड वायर मोटरच्याच जाड काळ्या वायरला डागली. एक सांधा वाचतो, बस्स. पण २ अँपिअरला शंटवर मिळतात जेमतेम २० मिलिव्होल्ट. वाटेतल्या तांब्याचे नि सोल्डरचे २ मिलिओहम मापात घुसले की २४ दिसतात. २० टक्के चूक, तीही तासागणिक साचत जाणारी.

दुसरी रीत केल्विनची: शंटच्या दोन्ही टोकांच्या अगदी मुळाशी दोन बारीक वायरी, मोठा करंट त्यांतून जातच नाही. डेटाशीट वेगळं सांगत नसेल, तर चिपचं ग्राउंड बॅटरीकडच्या टोकाला. डाग देताना हात थरथरतो, पण मी आता हेच करतो.