सार्वजनिक कामांच्या ठेका पद्धती : कोल्हापुरातील अनुभवावरून एक परीक्षण

सार्वजनिक बांधकाम खात्यात मी शाखा अभियंता होतो आणि निवृत्तीनंतर उपनगरातील आमच्या कॉलनीच्या रहिवासी संघाचे काम पाहतो. त्यामुळे ठेक्याच्या वेगवेगळ्या पद्धती बिल तपासणारा म्हणून आणि दारासमोरचा रस्ता उकरलेला नागरिक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी अनुभवायला मिळाल्या. येथे ठेकेदारांचे नव्हे, तर त्या पद्धतींचे परीक्षण करीत आहे. माझा निकष एकच आहे : काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकात नसलेले काही निघाले, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात आधीच स्पष्ट आहे का?

आपल्याकडे सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे बी-१, अर्थात टक्केवारी निविदा. आराखडा खात्याचा, प्रत्येक बाबीचे परिमाण खात्याचे, दर शासकीय दरसूचीतले. ठेकेदाराने फक्त अंदाजपत्रकाहून किती टक्के कमी किंवा जास्त, एवढेच भरायचे. बी-२ मध्ये तो प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. दोन्हींत पैसे मिळतात ते प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे, आणि म्हणूनच या पद्धतीचा प्राण मोजमाप पुस्तिकेत असतो. गटारीच्या चराची खोली पाइप टाकण्यापूर्वी, चराच्या काठावर उभे राहून, टेप तळाला टेकवूनच नोंदवावी लागते; एकदा माती लोटली की ती नोंद खरी की खोटी, हे कोणालाही सांगता येत नाही. मोजणारा माणूस जागेवर हजर असेल, तर ही पद्धत मला आजही सर्वांत विश्वासाची वाटते. तिचा खरा दोष निविदेच्या टप्प्यावर दिसतो. अंदाजपत्रकाहून वीस-पंचवीस टक्के कमी दराने घेतलेल्या कामातील तूट ठेकेदार कुठून तरी भरून काढणारच, आणि ती बहुधा खडीकरणाच्या जाडीतून भरून निघते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांद्वारे निवडक कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली, मात्र दराव्यतिरिक्त बाबींना ३० टक्क्यांपेक्षा अधिक भार देता येत नाही. मला ही मर्यादा योग्य वाटते, कारण गुण देणाऱ्यांच्या हाती याहून अधिक मोकळीक गेली, तर संशयाला जागा राहते.

ठोक रकमेचा किंवा आराखड्यासह बांधणीचा करार, ज्याला ईपीसी म्हणतात, तो कागदावर फार सुटसुटीत असतो : एक रक्कम, एक जबाबदार, एक मुदत. आमच्या कॉलनीतील एका गल्लीची गटार अशाच ठोक कराराने झाली. चर जेमतेम चाळीस मीटर गेला आणि दगडी बांधणीची एक जुनी मोरी आडवी आली, जी कोणत्याही नकाशावर नव्हती. ठेकेदार म्हणाला, मोरी फोडणे माझ्या रकमेत नाही; कार्यालय म्हणाले, ठोक म्हणजे सर्व आलेच. या पत्रव्यवहारात पावसाळा आला आणि चर उघडाच राहिला. शेजारच्या आजींना चार महिने दोन फळ्यांवरून घरात जावे लागले. जमिनीखाली काय आहे ते तपासलेले नसताना ठोक करार करणे ही ठेकेदाराची चूक नव्हती, ती करार लिहिणाऱ्यांची होती, असे मी आजही म्हणेन.

खासगी भांडवलातून बांधायचे आणि टोलमधून वसूल करायचे, या बीओटी पद्धतीबद्दल कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प, २०१३ मध्ये सुरू झालेली वसुली, त्याविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन आणि २०१५ च्या अखेरीस जाहीर झालेली टोलमुक्ती. शेवटी भरपाईचा भार राज्याच्या तिजोरीवर आला, आणि झालेल्या कामाची किंमत किती, याचे मूल्यांकन नंतर करत बसावे लागले. मोजमापाचा प्रश्न बी-१ मध्ये रोज सुटतो. येथे तो शेवटी एकदम उभा राहिला. शहरांतर्गत रस्त्यांना, जेथे नागरिकाला दुसरा मार्गच नसतो, ही पद्धत लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. महामार्गाचा हिशेब निराळा आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या हॅम (हायब्रिड ॲन्युइटी) पद्धतीत सरकारकडून ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली हप्त्यांनी दिली जात असल्याने वाहतूक कमी होण्याची जोखीम ठेकेदारावर पडत नाही.

पद्धत कोणतीही असो, परवानग्या हाती नसतील तर ती निरुपयोगी ठरते. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि पाणी शहरात पोहोचले ते २०२३ च्या दिवाळीत.

आमच्या पुढच्या गल्लीच्या गटारीसाठी या वेळी बी-१ निविदा निघणार आहे. अंदाजपत्रकापूर्वी तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावेत, अशी लेखी मागणी संघाने केली होती, आणि ती मान्य झाली. दुसऱ्याच खड्ड्यात सव्वा मीटरवर तीच दगडी मोरी लागली. तिची रुंदी आम्ही सर्वांसमक्ष मोजली, आणि ती फोडून पुन्हा बांधणे ही आता अंदाजपत्रकातील स्वतंत्र बाब आहे.